केळशीला जाणारी दुसरी वाट

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. बाणकोटची खाडी ओलांडली की मंडणगडातलं वेळास, आणि त्याच्या दक्षिणेला भारजा नदीच्या मुखाशी दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाची केळशी. या साऱ्या पट्ट्यातले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली, विजेचे खांब मोडले. वीज गेली म्हणून मोबाइलचे मनोरेही गप्प झाले. टाळेबंदीचे दिवस होते. मुंबई-पुण्यात अडकलेल्या चाकरमान्यांना गावातली माणसं जिवंत आहेत की नाहीत, एवढंही कळेना. काही गावांत वीज यायला आठवडे लागले.

वादळाची सूचना मात्र वेळेत पोचली होती. हवामान खात्याचा इशारा आधीच मोबाइलवर आला होता, होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या, धोक्याच्या घरांतली माणसं हलवली होती. तंत्रज्ञानाने इथे जीव वाचवले, यात मला शंका नाही. प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे.

कोकणात बाहेरचा पैसा येणं नवं नाही. मनीऑर्डर देशात 1880 मध्ये सुरू झाली आणि गिरणगावातल्या मजुरीवर इथली घरं पिढ्यान्‌पिढ्या चालली. पोस्टमन दारात रोकड मोजून देई आणि वाचता न येणाऱ्या म्हातारीला फॉर्मवरचा चार ओळींचा निरोपही वाचून दाखवी. त्या व्यवस्थेला उशीर होता, पण ती माणसाच्या पायांवर चालत होती. रस्त्यावर झाड पडलं तर तो वळसा घालून येई. तारसेवा जुलै 2013 मध्ये थांबली, जुनी कागदी मनीऑर्डर 2015 मध्ये. एप्रिल 2016 मध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरात जिओ, नोव्हेंबरात नोटाबंदी. एका वर्षात पैशाची चाल बदलली. मुंबईतला मुलगा आज क्षणात आईच्या खात्यात पैसे टाकतो, ही लहान गोष्ट नाही. पण आधीच्या वाटा बंद करून ही एकच मोठी केली, आणि तीच वाट वादळात पहिल्यांदा तुटते.

याचा सर्वांत कडू अनुभव भरपाईच्या वेळी आला. सरकारने फळबागांना हेक्टरी 50,000 रुपये, कमाल दोन हेक्टरांपर्यंत, असा दर वाढवून दिला. घाटावर हेक्टरात मोजणं ठीक. केळशीसारख्या गावात आगर गुंठ्यांत असतं: विहिरीभोवती दाटीने लावलेले माड, त्यांच्या सावलीत पोफळी, जायफळ, मिरवेली. क्षेत्राने मोजलं तर हाती काहीच लागत नाही. ओरड झाली तेव्हा झाडावर दर ठरला: नारळाला 250 रुपये, सुपारीला 50. बाणवली जातीचा नवा माड धरायला सहा-सात वर्षं घेतो. चाळीस वर्षांच्या माडाची किंमत 250 रुपये ठरवताना कोणी ही वर्षं मोजली नाहीत.

आणि हे पैसे बँक खात्यात जाणार. कोणाच्या? इथला सातबारा बहुधा सामाईक. आजोबांच्या नावामागे वारसांची रांग. कोणी दादरला, कोणी बडोद्याला, कोणी न्यू जर्सीला. गावात राहून आगर शिपणाऱ्याला सगळ्या हिस्सेदारांची संमती आणायची होती, आणि तीही फोन लागत नसताना. डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 पासून ऑनलाइन मिळू लागला. तलाठी कार्यालयाचे हेलपाटे वाचले, हे मान्यच. पण जमीन कोण राखतो हे त्या कागदावर दिसत नाही, हा जुना दोष त्याने तसाच जपला. उलट दूरच्या हिस्सेदाराला घरबसल्या आपलं नाव दिसू लागलं. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली. आता पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, त्या जमिनीत उभं राहून, मोबाइलवर फोटो काढून करायची. मालक मुंबईत, राखणारी सत्तरीची काकू केळशीत आणि नेटवर्क टेकडीवर गेल्याशिवाय नाही, अशा घराने काय करावं?

आंब्याच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. पूर्वी बागायतदार हंगामाआधी वाशीच्या दलालाकडून उचल घेई आणि पेटीचा भाव तिकडे ठरे. आता पुण्याच्या सोसायट्यांतले ग्राहक थेट मागणी नोंदवतात, पैसे आधी भरतात. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून खपवणं कायद्याने तरी अवघड झालं. मात्र हा फायदा ज्याचे नातेवाईक शहरात आहेत त्याला आधी मिळतो. ज्याचं शहरात कोणी नाही, तो अजून उचलीवरच जगतो.

साधनं साधी असली की फायदा जास्त पसरतो, असं मला वाटतं. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या मासेमारांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. मोबाइल आल्यावर ते समुद्रातूनच बंदरोबंदरीचे भाव विचारू लागले. मासे फेकून देणं जवळजवळ थांबलं, मासेमारांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाली. दोघांचंही भलं. त्याला स्मार्टफोन लागला नाही, ॲप लागलं नाही, आधार जोडणी लागली नाही. केळशीपासून जवळच्या हर्णे बंदरावरच्या लिलावातही भावाचा निरोप फोनवरूनच फिरतो.

वादळाच्या बाबतीत करण्यासारखं बरंच आहे आणि ते महागही नाही. जूनच्या आधी मनोऱ्यांच्या जनित्रांसाठी डिझेलचा साठा आणि प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीत एक उपग्रह फोन. आपत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात कागदी अर्ज, पोस्टातून रोख मदत, आणि संमतीऐवजी गावाच्या पंचनाम्यात आगर राखणाऱ्याच्या नावाची नोंद. 2023 मध्ये सरकारने सगळ्यांचे मोबाइल एकाच वेळी खणखणवून आपत्ती-इशाऱ्याची चाचणी घेतली. त्याला इंटरनेट लागत नाही, पण चालू मनोरा लागतोच.

समुद्रावर या दिशेने पाऊल पडलंय. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला मासेमारी नौकांसाठी उपग्रहावर चालणाऱ्या संदेशयंत्रणेचा आरंभ झाला. देशभर एक लाख यंत्रं बसवायची आहेत, आणि संदेश दोन्ही बाजूंनी जातो. यंत्र बसवलेली होडी मनोरा बंद असला तरी मदत मागू शकेल. त्या होडीवरच्या खलाशाच्या किनाऱ्यावरच्या घराला मात्र अजून फक्त मनोराच आहे.