दयाळू ईश्वर आणि दुष्काळ

1899 सालीं पावसानें दगा दिला आणि वऱ्हाडांत घोर दुष्काळ पडला. अकोला-उमरावतीचा हा कपाशी-जवारीचा मुलूख पावसावर जगणारा. माणसें व गुरें दोन्हीं मेलीं. श्रोतेहो, अचलपूर, बाळापूर येथील मुसलमान वस्ती जुनी. कुराणाच्या 114 पैकीं 113 अध्यायांच्या शिरोभागीं ‘रहमान’ व ‘रहीम’ हीं दयावाचक ईश्वरनामें आहेत. मग भुकेनें मेलेल्या मुलाचा अपराध कोणता?

मुतझिला पंडित म्हणाले, ईश्वर न्यायी आहे, तेव्हां निरपराध्याच्या दुःखाची भरपाई परलोकीं झालीच पाहिजे. दहाव्या शतकांतील अल्-अश्अरी याला हा हिशेब मानवला नाहीं. माणसाचें माप ईश्वराला लावणारे आपण कोण, असा त्याचा सवाल. उत्तर अभेद्य खरें. पण शोकाकुल आईला त्याचा कितपत उपयोग, याची मला शंकाच वाटते.

कुराणाचा स्वतःचा ओढा वादाकडे कमी. भय, भूक, जीवहानि, पिकाची नासाडी यांनीं कसोटी लागेल, असें दुसऱ्या अध्यायांत बजावलें आहे, आणि ‘सब्र’ करणाऱ्यांस कृपेचें आश्वासन दिलें आहे. सब्र म्हणजे मुकाट्यानें सोसणें नव्हे. अय्यूब पैगंबरानें आपलें दुःख ईश्वराजवळ बोलून दाखविलें, तरी त्याची गणना सब्र करणारांतच झाली. अवर्षणांत मैदानावर जमून पढावयाची ‘इस्तिस्का’ची नमाज याच भावनेची: ज्यानें पाऊस आवरला, त्याच्याकडेच तो मागावयाचा.

शिवाय कसोटी एकट्या उपाशी माणसाची नव्हे. ज्याच्या पेवांत जवारी शिल्लक आहे, त्याचीहि आहे. त्या धान्यांत गरिबाचा हक्क ठरलेला आहे. पावसाच्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि विहिरीचें पाणी ओढून काढलेल्या पिकाचा विसावा.