अठ्ठेचाळीस व्होल्टची वीज

चाकणच्या बाजारातला कांद्याचा भाव आपण घरी मोबाइलवर कळवतो, तेव्हा तो निरोप जवळच्या टॉवरवरून जातो. टॉवरच्या यंत्रांना बहुधा ४८ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी म्हणजे डीसी वीज लागते. दोन-दोन व्होल्टचे २४ बॅटरीघट ओळीने जोडले की ती मिळते, आणि गावची वीज गेली तरी यंत्र चालू राहते.

आता कोणी म्हणेल, घरात २३० व्होल्ट असतात, मग ४८ची काय भीती? श्रोतेहो, इथेच फसगत होते. कोरड्या हाताला एवढ्या विजेचा झटका सहसा जाणवत नाही, हे खरे. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला, की शेकडो अँपिअर प्रवाह धावतो. बोटात अंगठी असली तर ती तापून बोट भाजते. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी तशी सहज विझत नाही.

दुसरी फसगत टोकांची. चाकण-पिंपरीकडच्या मुलांचा हात मोटारींवर बसलेला. मोटारीत ऋण टोक सांगाड्याला जोडतात; इथे धन टोक जमिनीला जोडतात, म्हणजे तांब्याच्या तारा ओलाव्याने झिजत नाहीत. म्हणून सवयीवर किंवा तारेच्या रंगावर विसंबू नये. मीटर लावूनच टोक ओळखावे.

जोडणीचा क्रम असा. अंगठी-घड्याळ काढा. पुरवठ्याचा खटका बंद करून त्यावर पाटी लावा. चालू विजेवर मीटर तपासून घ्या, मग त्याच मीटरने तारेत वीज नाही याची खात्री करा. आधी अर्थिंग, मग धन, शेवटी ऋण तार जोडा. सोडवताना क्रम उलटा. अर्थिंग सर्वांत शेवटी.

स्क्रू घट्ट आवळा. सैल सांध्याचा रोध एक शतांश ओहम असला आणि ५० अँपिअर वाहिले, तर तिथे २५ वॉट उष्णता होते, म्हणजे डाग देण्याच्या लहान सोल्डरिंग आयर्नइतकी. तिने आवरण वितळते, आगही लागू शकते.

गुरुजनहो, हा हिशेब वर्गात फळ्यावर अवश्य मांडा. त्यांतलाच एखादा मुलगा उद्या टॉवरखाली पाना धरून उभा असेल.