भाता पाठीवर की कमरेला?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक आईने विचारलं आहे : ‘मुलगी बारा वर्षांची आहे. सहा महिन्यांपासून धनुर्विद्या शिकते. सर म्हणतात कमरेचा भाता घ्या. तिला मात्र कॅलेंडरवरच्या रामासारखा पाठीवरचाच हवाय. यात काही विज्ञान आहे का?’ २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघेही कंपाउंड म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते झाले. तेव्हापासून असे प्रश्न घरोघरी निघत असणार. यात विज्ञान आहे, आणि भरपूर आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. लोहाराचाही भाता आणि धनुर्धराचाही भाता. दोन्हींचं मूळ संस्कृत ‘भस्त्रा’, म्हणजे चामड्याची पिशवी. भस्त्रिका प्राणायाम त्याच घराण्यातला. एकीत वारा भरायचा, दुसरीत बाण.

अशी एक खरोखरीची चामड्याची पिशवी ५,३०० वर्षांची होऊन आपल्यापर्यंत आली आहे. १९९१ च्या सप्टेंबरात आल्प्समध्ये ३,२१० मीटर उंचीवर एका जर्मन जोडप्याला बर्फातून वर आलेला एक देह दिसला. तोच पुढे ‘ओट्झी’ म्हणून जगाला माहीत झाला. त्याच्या सामानात भाता होता : लांबट पिशवी आणि तिला ताठ ठेवायला एका कडेने शिवलेली हेझलची काठी. कातडं शॅमॉय या डोंगरी प्राण्याचं असावं असं आधी वाटत होतं. २०१६ मध्ये डीएनए तपासल्यावर ते रो जातीच्या हरणाचं निघालं. आत चौदा बाण होते, त्यांतले बारा अर्धवट, नुसत्या काड्या. दोनच पुरे झालेले, गारगोटीच्या टोकांचे, आणि ते दोन्ही मोडलेले. सोबत शिंगांची टोकं आणि जनावराच्या स्नायुतंतूंची पिळलेली दोरी होती. ही दोरी म्हणजे धनुष्याची प्रत्यंचा असल्याचं अलीकडेच कळलं. म्हणजे हा भाता बाण वाहून न्यायचा होताच, पण चालता-चालता धनुष्यबाण दुरुस्त करायची पेटीही तोच होता. ओट्झीचं यू लाकडाचं धनुष्यसुद्धा अजून घडत होतं. त्याच्या डाव्या खांद्यात घुसलेलं बाणाचं टोक क्ष-किरणांत दिसायला २००१ साल उजाडलं. तो बाण दुसऱ्या कोणाच्या तरी भात्यातून निघाला होता.

त्या दोन पुऱ्या बाणांची पिसं मला फार आवडतात. प्रत्येकाला तीन पिसं, बर्चच्या डांबराने चिकटवलेली आणि वर बारीक धाग्याने गुंडाळलेली. इतकी मेहनत करून लावलेलं पीस भात्यात चुरगळलं तर काय होतं? बाण सरळ जातो असं आपल्याला वाटतं, पण सुटताना तो मासळीसारखा वळवळतो. मागून जोर बसला की काडी वाकते, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालते आणि पुढे काही मीटर थरथरत जाते. हे १९३०च्या दशकात वेगवान कॅमेऱ्याने टिपून दाखवलं क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने. या माणसाचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. तरुणपणी त्याने रॉबर्ट गोडार्डबरोबर रॉकेटवर काम केलं, मग आपोआप वाजणाऱ्या पियानोवर, मग बेल लॅबमध्ये ध्वनिमुद्रणावर. आणि फावल्या वेळात त्याने धनुष्याला गणितात बसवलं. शाळेच्या पुस्तकात त्याला एक चौकट मिळायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. तर, ही थरथर लवकर शमवण्याचं काम पिसांचं. एक पीस दुमडलं की हवेचा रोध तीन बाजूंनी सारखा राहत नाही आणि नेम बरोबर असूनही बाण भलतीकडे जातो. म्हणून भात्याचं पहिलं काम : बाणाला बाण घासू न देणं.

शिकारीत आणखी एक प्रश्न येतो, आवाजाचा. आपल्याकडे वन्यजीव कायद्यानुसार शिकार बंद आहे. अमेरिकेत मात्र हरणांच्या मोसमात धनुष्याने शिकार करायला परवानगी असते. तिथल्या आधुनिक कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ८० मीटर जातो, आवाज ३४० मीटर. हरीण ३० मीटरवर असेल तर धनुष्याची खटखट त्याच्या कानावर सेकंदाच्या अकराव्या भागात पोचते, बाणाला पाऊण सेकंदाचा निम्मा वेळ लागतो. मधला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ हरणाला पळण्यासाठी दबकायला पुरतो आणि बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो. सैल भात्यात खुळखुळणारे बाण तर त्याआधीच चुगली करतात. शिवाय शिकारी बाणाची पाती वस्तऱ्यासारखी धारदार, एकमेकांवर आपटली की बोथट होणार आणि उघडी राहिली तर शिकाऱ्यालाच कापणार. म्हणून तिथे बरेच जण पाच-सहा बाणांचा छोटा भाता धनुष्यालाच जोडतात. प्रत्येक बाण आपापल्या खाचेत घट्ट आणि टोकांवर टोपण. हात मागे नेण्याची मोठी हालचाल वाचते, झुडपात काही अडकत नाही. पण उघड्या छत्रीच्या एका काडीला पाण्याची बाटली बांधून छत्री सरळ धरून पाहा. मनगट पिळवटतं. एका बाजूला जोडलेला भाता धनुष्याला तसाच कलवतो आणि एकेक बाण काढाल तसा तोल बदलतो. काही जण म्हणूनच दबा धरून बसायच्या जागी पोचले की भाता काढून बाजूला टांगतात. मला ते पटतं.

आता पाठीवरच्या भात्याबद्दल. २०१५ मध्ये लार्स अँडरसन या डॅनिश धनुर्धराचा एक व्हिडिओ जगभर गाजला. हवेत उडी मारत धडाधड बाण सोडणाऱ्या अँडरसनचं कसब खरंच थक्क करणारं आहे. पण पाठीवरचा भाता ही हॉलिवूडची करामत, हा त्या व्हिडिओतला दावा मात्र टिकत नाही. अ‍ॅसिरियाच्या कोरीव शिल्पांत पाठीवर भाता बांधलेले सैनिक आहेत. होमरच्या ‘इलियड’मध्ये रागावलेला अपोलो डोंगर उतरतो तेव्हा त्याच्या खांद्यावरचे बाण वाजतात. खुळखुळ तिथेही होतीच! मुघल चित्रांतल्या घोडेस्वारांचा भाता मात्र कमरेला दिसतो. घोडा दौडताना पाठीवरचे बाण उसळतात, कमरेचा भाता शरीराबरोबर हलतो. ज्याचं काम जसं, तशी भात्याची जागा.

तुमच्या मुलीचं काम मैदानातलं आहे. तिने कमरेचाच घ्यावा, वेगवेगळ्या नळ्या असलेला. पुढे रिकर्व्हच्या, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याच्या, वैयक्तिक बाद फेरीत पोचली तर आळीपाळीने मारताना एका बाणाला फक्त वीस सेकंद मिळतील. तेव्हा हात न बघता बाणावर पडायला हवा. नळ्या वेगळ्या असल्या की बाणांना क्रमांक घालून ठेवता येतात. चार नंबरचा बाण दरवेळी डावीकडेच जात असेल तर दोष मुलीचा की बाणाचा, हे आठवड्यात कळतं. शिवाय कार्बनच्या बाणाला बारीक तडा गेला तर तो सुटताना हातातच फुटू शकतो. भात्यात ठेवण्याआधी प्रत्येक बाण हलका वाकवून, करकर येते का हे ऐकायची सवय तिला आत्ताच लावा. रामासारखा भाता गॅदरिंगसाठी शिवून द्या, त्याला माझी काहीच हरकत नाही.

परगावी स्पर्धेला जाताना बाण प्लास्टिकच्या लांब नळीत घालून न्यावे लागतात. तिथेही बाणाला बाण घासू नये याची युक्ती जुनी आहे. १५४५ मध्ये इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज बुडालं आणि १९८२ मध्ये ते वर काढलं. त्यातून साडेतीन हजारांहून जास्त बाण मिळाले आणि त्यांच्याबरोबर चामड्याच्या गोल चकत्या. प्रत्येक चकतीला चोवीस भोकं, कारण बाणांची जुडी चोवीसाची. एकेका भोकातून एकेक बाण ओवला की पिसाला पीस लागत नाही. नळी विकत घेताना झाकण उघडून आत बघा, भोकं पाडलेली फोमची चकती आहे ना. नसेल तर ती नळी घेऊ नका.