लोणार सरोवर : कार्यकारणभावाचा पाठ

बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे अशनीपाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात वसले आहे. काठावरून गोड्या पाण्याचे झरे वाहतात; सरोवराचे पाणी मात्र खारे व अल्कधर्मी आहे. असे का? आत आलेल्या पाण्याला बाहेर जाण्यास वाटच नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. असे पाणी बहुतेक जलचरांना सोसवत नाही. नीलहरित शैवाल व लवणप्रिय सूक्ष्मजीव मात्र त्यातच वाढतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले ते याच सूक्ष्मजीवांमुळे. तो चमत्कार नव्हता. त्याच वर्षी सरोवर रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत आले.

ज्या कारणाने हा अधिवास घडला, त्याच कारणाने तो नाजूकही आहे. वस्तीचे सांडपाणी आत उतरले की तेही बाहेर पडत नाही. खारेपणा घटतो, घाण साचते आणि तेथील जीवसृष्टीच बदलते. कारण असेल तर कार्य घडते, कारण थांबविले तर कार्य थांबते, हा तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद येथे डोळ्यांनी पाहता येतो. म्हणून केवळ अभिमान पुरेसा नाही. सांडपाण्याचा थेंबही विवरात उतरू नये, हा आग्रह आपण सर्वांनी, माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी, संघटितपणे धरावा, असे आम्हांस वाटते.