दादा, आयेल्ट्स आणि सौताडा

मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे दिवाळीत पाटोद्याला गेले, तेव्हा मराठी माध्यमातल्या माझ्या मावसभावाला आयेल्ट्सचं इंग्रजी मीच शिकवणार, हे घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं! दादाला एम.एस्सी.साठी इंग्लंडला जायचंय, साडेसहा बँड हवेत आणि परीक्षा महिन्यावर.

ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग. ऐकण्याचं रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. लिहिण्यात ६० मिनिटांत दोन उत्तरं, किमान १५० आणि २५० शब्दांची. दुसऱ्याला दुप्पट वजन.

दादाचं व्याकरण तसं पक्कं. पण मराठीत 'ए' आणि 'द' नसतात, म्हणून तो ते गाळायचा. 'वेट' आणि 'व्हेट' त्याच्या तोंडी एकच. डब्ल्यूला ओठ गोल, व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, हे आरशासमोर घोटून घेतलं. बाकी गावचा हेल राहिला तरी चालतो. उच्चार कळले पाहिजेत, साहेबी थाट नको.

बोलण्यात विषयाचं कार्ड मिळतं. एक मिनिट विचार, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. मी विषय दिला, पाण्याजवळची जागा. त्याने पाठ केलेला समुद्रकिनारा सुरू केला आणि तिसऱ्या वाक्याला अडकला.

"अरे दादा, सौताड्याचा धबधबा सांग की!"

मग काय, पायऱ्या, खालचं रामेश्वराचं देऊळ, पावसाळ्यातलं पाणी... वेळ पुरेना!

नंतर त्याने मला निबंध दिला. इंग्रजी झोकात लिहिलं. प्रश्नात दोन्ही बाजू मागितल्या होत्या, मी एकच मांडली. दादा काही बोलला नाही, नुसतं प्रश्नावर बोट ठेवलं.