शरीरातील अणूंची ये-जा

अन्नातून आलेला नायट्रोजन आणि शरीरात आधीपासून असलेला नायट्रोजन यांत रासायनिक भेद नसल्यामुळे चयापचयाच्या, म्हणजे सजीवात अखंड चालणाऱ्या रासायनिक घडामोडींच्या अभ्यासकांना पूर्वी आत काय गेले व बाहेर काय पडले एवढाच हिशेब ठेवता येत असे. या हिशेबावरून ऑटो फोलिन यांनी १९०५ मध्ये असे मांडले की ऊतींची झीज अल्प व बहुतांशी स्थिर असते आणि आहारातील जादा प्रथिनांचे विघटन तिच्याहून निराळेच चालते.

हा समज खोडून काढणारे साधन भौतिकीकडून मिळाले. एकाच मूलद्रव्याचे, रासायनिक वर्तन जवळजवळ सारखे पण वस्तुमान वेगळे असलेले अणू म्हणजे समस्थानिक. जॉर्ज हेवेशी यांनी १९२३ मध्येच किरणोत्सारी शिशाचा वनस्पतीतील प्रवास मोजला होता. पण शिसे हा जीवद्रव्याचा घटक नव्हे. हॅरल्ड यूरी यांनी १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जड हायड्रोजन, म्हणजेच ड्यूटेरियम, शोधल्यावर खुद्द जैव रेणूंवरच खूण करणे शक्य झाले. नाझी राजवटीमुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडून तेथे आलेले रुडॉल्फ शोनहायमर आणि यूरींच्या हाताखाली तयार झालेले डेव्हिड रिटेनबर्ग यांनी ही संधी घेतली. उंदरांना ड्यूटेरियमयुक्त मेद खाऊ घातल्यावर, आहार अपुरा असतानाही, त्याचा मोठा वाटा साठ्यातील चरबीत आढळला; म्हणजे अडीअडचणीसाठी राखलेला मानला जाणारा हा साठाही सतत बदलत होता.

निर्णायक ठरला तो १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेला ल्यूसीनचा प्रयोग. ल्यूसीन हे प्रथिने घडवणाऱ्या अमिनो आम्लांपैकी एक असून त्यात नायट्रोजन-१५ बसवला होता. हा समस्थानिक किरणोत्सारी नसतो आणि निसर्गातील नायट्रोजनमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ०.३७ टक्केच असते, त्यामुळे नमुन्यात त्याचे प्रमाण वाढले की वस्तुमानानुसार अणू-रेणू वेगळे करणाऱ्या वर्णपटमापकाने ते ताडता येते. वजन न वाढणाऱ्या प्रौढ उंदरांना तीन दिवस हे ल्यूसीन दिले, तेव्हा खुणेच्या नायट्रोजनचा एकतृतीयांशाहून कमी भाग मूत्रात आला आणि निम्म्याहून अधिक शरीरातील प्रथिनांत सापडला. विशेष म्हणजे तो ल्यूसीनपुरता न राहता ग्लुटामिक आम्लासारख्या इतर अमिनो आम्लांतही पोहोचला होता. लायसीन तेवढे जवळजवळ अलिप्त राहिले. वजनकाट्यावर स्थिर दिसणारे शरीर आतून सतत मोडत आणि घडत असते, हे यातून दिसले. फोलिन यांची विभागणी त्यानंतर टिकणे शक्य नव्हते.

शोनहायमर यांचे १९४१ मध्ये निधन झाले, पण पद्धत रुजली होती. डेव्हिड शेमिन यांनी स्वतः तीन दिवसांत नायट्रोजन-१५ युक्त ६६ ग्रॅम ग्लायसीन घेऊन पुढे वेळोवेळी आपले रक्त तपासले. तांबड्या पेशींच्या हीममधील, म्हणजे रक्ताला लाल रंग देणाऱ्या लोहयुक्त घटकातील, खूण वाढली, बराच काळ टिकून राहिली आणि मग उतरू लागली. त्यावरून पेशीचे सरासरी आयुष्य १२७ दिवस निघाले. मधुमेहींची एचबीएवनसी चाचणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देऊ शकते, ती तांबड्या पेशीच्या या दीर्घ आयुष्यामुळेच.