पाठ टेकवणारे पैलवान

विसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झालेल्या आणि दूरचित्रवाणीमुळे घराघरांत पोहोचलेल्या व्यावसायिक कुस्तीत लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो, ही गोष्ट आता कोणापासून लपलेली नाही. महाराष्ट्रातील आखाड्यांत अशा ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात आणि निकाली कुस्तीवर जीव असणाऱ्या प्रेक्षकाच्या तोंडी तो शब्द आरोप म्हणूनच येतो. अमेरिकी रिंगमध्ये मात्र तीच मान्य रीत आहे, कारण तेथे दोन मल्ल एकमेकांच्या साहाय्याने झुंजीची एक कथा उभी करत असतात. या कथेत कोणाला तरी हरावे लागते, आणि आठवड्यामागून आठवडे, वर्षांमागून वर्षे हरत राहणे हेच ज्यांचे काम होते, त्या मल्लांना जुन्या प्रेक्षकांनी विजेत्यांइतक्याच जिव्हाळ्याने लक्षात ठेवले आहे.

या व्यवसायाच्या बोलीत ठरल्याप्रमाणे हरण्याला ‘जॉब करणे’ म्हणतात आणि नेहमी हरणाऱ्याला ‘जॉबर’. कंपन्यांनी त्याला ‘एन्हान्समेंट टॅलेंट’, म्हणजे समोरच्याचे तेज वाढवणारा कलावंत, असे सभ्य नाव दिले, तर ज्या दोनतीन मिनिटांच्या एकतर्फी लढतीत तो पडे तिला ‘स्क्वॉश’, म्हणजे चिरडून टाकणे, हा शब्द रूढ झाला. निकाल ठरलेला असल्याचे गुपित बाहेरच्यांपासून राखण्याच्या शिस्तीला ‘केफेब’ म्हणत. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, आपला प्रकार स्पर्धात्मक खेळ नसून करमणूक असल्याचे मान्य केले, तेव्हा त्या शिस्तीला अधिकृतपणेच तडा गेला.

जॉबर या वर्गाचा जन्म अर्थकारणातून झाला. १९८० च्या दशकापर्यंत कुस्ती कंपन्यांचे मुख्य उत्पन्न सभागृहांतील तिकिटविक्रीतून येई आणि दूरचित्रवाणीवरचा साप्ताहिक कार्यक्रम ही त्या तिकिटांची जाहिरात असे. पडद्यावर दोन नामांकित मल्लांची गाठ फुकटात घालून दिली, तर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीच जोड पाहण्यासाठी पैसे कोण मोजणार, हा आयोजकांपुढचा साधा प्रश्न होता. म्हणून पडद्यावर नामांकिताने जिंकलेच पाहिजे, पण दुसऱ्या नामांकिताला न हरवता, आणि या पेचातून वाट काढण्यासाठी हरणाऱ्यांची एक कायमची फळी लागे. १९८४ पर्यंत वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या एका कार्यक्रमाचे चित्रण पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलनटाउनच्या जुन्या कृषी सभागृहात आणि दुसऱ्याचे जवळच्याच हॅम्बर्ग गावात होत असे. तीन आठवड्यांचे भाग एकाच बैठकीत उरकले जात, त्यामुळे एकच जॉबर एका संध्याकाळी निरनिराळ्या मल्लांकडून अनेकदा हरे आणि घरच्या प्रेक्षकाला तो लागोपाठच्या शनिवारी पुन्हा पुन्हा भेटे.

हा माणूस हरणार आहे, हे प्रेक्षकाला घंटा वाजण्यापूर्वीच कळत असे. जाहिराती संपून चित्र परत येई तेव्हा तो रिंगमध्ये आधीच उभा असे. त्याला संगीत नव्हते, झळाळता झगा नव्हता, कमरेला साधी एकरंगी चड्डी आणि नावही शेजारच्या गल्लीतल्या माणसासारखे. निवेदक त्याचे वजन आणि गाव सांगून मोकळा होई आणि मग नामांकिताच्या आगमनाचा गजर सुरू होई. समालोचक बॉबी हेनन अशा मल्लांना ‘हॅम-अँड-एगर’ म्हणत, म्हणजे पोटापुरत्या कमाईसाठी उतरणारा लढवय्या. हा मुष्टियुद्धाच्या जगातून आलेला जुना शब्द होता. पण या साधेपणामुळेच तो माणूस खरा वाटे. भोवती राजे, राक्षस आणि गारुडी यांचा मेळा भरलेला असताना रिंगमध्ये प्रेक्षकासारखा दिसणारा तो एकटाच होता, आणि त्याच्याविषयीच्या आपुलकीचे मूळ बहुधा येथेच सापडते.

त्याचे कसब मात्र सामान्य नव्हते. रिंगचा तळ म्हणजे लोखंडी तुळयांवर ठेवलेल्या लाकडी फळ्या, त्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेले कॅनव्हास. त्यावर आदळण्याला ‘बम्प घेणे’ म्हणतात. हनुवटी छातीशी टेकवून मान वाचवणे, एका हाडावर भार येऊ न देता सबंध पाठ एकदम टेकवणे आणि त्याच क्षणी हातांनी फळी वाजवणे, हे सर्व निमिषात साधावे लागते. प्रतिस्पर्धी उचलू लागला की योग्य वेळी उडी मारून त्याचे ओझे हलके करणे हेही पडणाऱ्याचेच काम असते, म्हणजे जो बलदंड मल्ल शंभर किलोंचा माणूस खांद्यावर फेकताना दिसतो, त्याच्या बळात त्या माणसाचाही वाटा असतो. मिळालेला घाव खरा वाटेल अशा रीतीने सोसून दाखवण्याला ‘सेल करणे’ म्हणतात. नवख्या मल्लाला मोठे करण्यापूर्वी त्याची परीक्षा अशाच जाणत्या हातांत होत असे, आणि समोरच्याला घडवणाऱ्या अशा मल्लाला व्यवसायात आदराने ‘कारपेंटर’, म्हणजे सुतार, म्हणत. तो आदर मानधनात क्वचितच उतरला, कारण मल्लांची गणना नोकरांत न होता स्वतंत्र कंत्राटदारांत होई आणि दुखापतीचा भार ज्याचा त्याने उचलायचा असे.

हा भार किती असे, याची कल्पना मिक फोली यांच्या अनुभवावरून येते. पुढे जगज्जेतेपद मिळवणारे फोली १९८६ मध्ये विद्यार्थीदशेत असताना वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या चित्रणात जॉबर म्हणून उतरले आणि ब्रिटिश बुलडॉग्ज जोडीतील डायनामाइट किडच्या हाताचा तडाखा जबड्यावर असा बसला की त्यांना कित्येक दिवस घट्ट अन्न खाता आले नाही. ठरलेल्या निकालाच्या लढतीत मार मात्र ठरलेला नव्हता.

चाहत्यांच्या स्मरणात या फळीतील माणसे त्यांच्या लहानशा लकबींसह राहिली आहेत. कॅनडातील हॅमिल्टनचे ‘आयर्न’ माइक शार्प हाताच्या पुढच्या भागावर चामडी पट्टा बांधून येत, लढतभर ओरडत आणि स्वतःला कॅनडाचा सर्वश्रेष्ठ क्रीडापटू म्हणवीत. लॅनी पोफो, म्हणजे सुप्रसिद्ध रँडी सॅव्हेज यांचे धाकटे बंधू, लढतीपूर्वी स्वतः रचलेली कविता वाचून दाखवत आणि प्रेक्षकांत फ्रिस्बी भिरकावत. जिम क्रॉकेट यांच्या कंपनीतील बिल आणि रँडी मल्की हे फिकट कांतीचे, सोनेरी केसांचे भाऊ इतक्या सातत्याने हरत की १९८७ मध्ये त्यांनी मुखवटाधारी ग्लॅडिएटर्सना हरवले तेव्हा नामांकित मल्ल हल्क होगनच्या ‘हल्कमेनिया’च्या धर्तीवर ‘मल्कीमेनिया’ हा शब्द चाहत्यांत रुळला.

या सर्वांत बॅरी होरोविट्झ यांची कथा अधिक तपशिलाने सांगण्याजोगी आहे. फ्लोरिडात बोरिस मालेन्को यांच्या तालमीत तयार झालेले होरोविट्झ तंत्रात अनेक विजेत्यांहून सरस होते, तरी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पडद्यावर त्यांच्या वाट्याला पराभवच येत राहिले. एखादा डाव साधला की ते हात मागे नेऊन स्वतःची पाठ स्वतःच थोपटत, आणि त्यांच्या जाकिटाच्या पाठीवर पंजाचा ठसा उमटवलेला असे. मराठीत स्वतःची पाठ थोपटणे हा वाक्प्रचार बढाईखोरासाठी वापरला जातो, पण ज्याची पाठ दर आठवड्याला फळीला लागते आणि जिच्यावर शाबासकीचा दुसरा हात कधीच पडत नाही, त्याने ती स्वतः थोपटावी, यात प्रेक्षकांना बढाईपेक्षा स्वाभिमान अधिक दिसला. १९९५ च्या उन्हाळ्यात व्यायामाचा तोरा मिरवणाऱ्या स्किप या मल्लाला होरोविट्झनी अनपेक्षितपणे चीत केले, २७ ऑगस्ट रोजी पिट्सबर्ग येथील समरस्लॅम या कार्यक्रमात पुन्हा हरवले, आणि इतक्या वर्षांच्या पराभवांची शिदोरी असल्यामुळे तो आनंद कोणत्याही अजिंक्यपदाच्या आनंदाहून उणा ठरला नाही. त्याआधी १७ मे १९९३ रोजी, एकामागून एक नावे बदलून हरत असलेल्या किड नावाच्या सडपातळ तरुणाने रेझर रॅमोन या नामांकिताला चीत केले होते आणि पंचाच्या तीन आकड्यांवरून त्याचे नाव ‘वन टू थ्री किड’ पडले होते, तेव्हाही हेच घडले. जॉबर कधीच जिंकत नाही हा नियम इतका पक्का झाला होता, म्हणूनच तो मोडल्याचा क्षण लोकांना आजही आठवतो.

भारतात ही कुस्ती मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती १९९० च्या दशकात, उपग्रह वाहिन्यांमार्गे. महाराष्ट्रातील मुलांच्या हाती त्याच काळात मल्लांची ट्रम्प कार्डे आली, ज्यांवर क्रमांक, उंची, वजन, छाती, लढती आणि जिंकलेल्या लढती असे आकडे छापलेले असत. मोठ्या क्रमांकाचे पान हाती आले की मूल हिरमुसे, पण त्या पानावरचे नावही पाठ होई. पडद्यावर क्षणभर दिसणारी माणसे अशा रीतीने शाळेच्या मधल्या सुटीत ओळखीची झाली.

मात्र भारतातील मुले हा खेळ पाहू लागली तोवर जॉबरांची सद्दी संपत आली होती. ४ सप्टेंबर १९९५ रोजी टेड टर्नर यांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंगने सोमवारी रात्री ‘नायट्रो’ हा कार्यक्रम प्रतिस्पर्धी वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या ‘रॉ’च्या समोर सुरू केला आणि पहिल्याच भागात रिक फ्लेअर विरुद्ध स्टिंग ही तिकिटाची लढत फुकट दाखवली. प्रेक्षकसंख्येची चढाओढ सुरू झाल्यावर दोन्ही बाजूंना दर आठवड्याला नामांकितांच्या जोड्या लावाव्या लागल्या, दूरचित्रवाणी ही जाहिरात न राहता स्वतःच विक्रीची वस्तू बनली, आणि दोन मिनिटांत पडणाऱ्या माणसाला तीत जागा उरली नाही.

या फळीतील सर्वांत स्मरणात राहिलेला पराभव बहुधा एस. डी. जोन्स यांचा आहे. कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटावर जन्मलेले जोन्स प्रेक्षकांचे लाडके होते. १९८४ च्या अखेरीस महाकाय आंद्रेचे केस प्रतिस्पर्ध्यांनी कापले त्या गाजलेल्या लढतीत आंद्रेचे जोडीदार तेच होते, आणि एलजेएन कंपनीने काढलेल्या रबरी बाहुल्यांत होगन आणि आंद्रे यांच्याबरोबर त्यांचीही बाहुली होती. ३१ मार्च १९८५ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या पहिल्या रेसलमेनियात त्यांची गाठ किंग काँग बंडीशी पडली. बंडीने त्यांना कोपऱ्यावर दडपले, अंगावर आपले सारे वजन टाकले, आणि निवेदकाने विक्रमी नऊ सेकंदांत निकाल लागल्याचे जाहीर केले. जोन्स २००८ मध्ये वारले. परंतु त्या लढतीचे चित्रण घड्याळ लावून पाहणारे चाहते आजही सांगतात की पहिल्या घंटेपासून पंचाच्या तिसऱ्या आकड्यापर्यंत वीसहून अधिक सेकंद भरतात, म्हणजे जाहीर झाले त्याच्या दुपटीहून अधिक वेळ जोन्स उभे राहिले होते.